नेट झिरोचा हिशोब वाचायला लावायचा कुणी?

शेजारचे आबा रोज सकाळी आमच्या पडवीत पेपर वाचायला येतात. म्हणजे मथळे ते वाचतात आणि खालचा मजकूर मला विचारतात. परवा त्यांचं बोट एका मथळ्यावर थांबलं. "नेट झिरो," त्यांनी अक्षरं जुळवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मंजे लायटीचा बिल झिरो येनार काय रे?"

मला हसू आलं, पण आबांची चूक म्हणावी अशी ती नव्हती. वाडीतल्या दोन घरांच्या स्लॅबवर सोलर बसलंय. केंद्राने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्यातल्या एकाचं बिल हल्ली खरंच नुसत्या स्थिर आकारावर येतं. त्या मीटरला 'नेट मीटर' म्हणतात. एक नेट मीटरात, दुसरा नेट मथळ्यात. माणूस गोंधळणारच.

मी समजावलं. देशाने २०७० सालापर्यंत असं असं करायचं ठरवलंय, म्हटलं. आबांनी पेपराची घडी घातली. "सत्तर साली? मग तवर इचारनार कोन?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आषाढातली गळती

आधी पहिला प्रश्न उरकू. कौलारू घरात राहिलेल्याला नेट झिरो समजायला पाच मिनिटं लागतात.

वानर उडी मारून जातो, कौल सरकतं, आणि आषाढात माजघरात टपटप सुरू होते. आपण खाली टोप मांडतो, बादली मांडतो, जुनं पातेलं मांडतो. आता घर म्हणजे पृथ्वीभोवतीची हवा आणि गळणारं पाणी म्हणजे कार्बन डायऑक्साइड असं समजा. कोळसा, डिझेल, गॅस जाळला की हा वायू वर जातो. यालाच उत्सर्जन म्हणतात. तो तिथे शेकडो वर्षं साचून राहतो आणि उष्णता कोंडून धरतो.

उपाय दोनच. कौलं चाळून गळती बुजवायची, नाहीतर साचलेलं पाणी उपसून अंगणात फेकायचं. कोळशाऐवजी सूर्य, वारा, पाणी, अणू यांच्यापासून वीज करणं म्हणजे कौलं चाळणं. जंगल, खारफुटी, माती कार्बन शोषून घेतात, ते झालं उपसणं. सिमेंट, पोलाद, विमानं अशा काही गळत्या लवकर बुजणाऱ्या नाहीत, त्यांच्यापुरतं उपसावंच लागतं. जेवढं गळतंय तेवढंच उपसलं जातंय, असा दिवस उजाडला की झालं नेट झिरो.

यात एक गोम आहे. त्या दिवशीही माजघरातलं पाणी तसंच असतं, फक्त ते वाढायचं थांबतं. म्हणून शेवटच्या तारखेपेक्षा मधल्या वर्षांत किती गळू दिलं याला जास्त महत्त्व. चाळीस वर्षं टोप मांडून बसायचं आणि शेवटच्या वर्षी कौलावर चढायचं, हे कागदावर चालेलही, पण तोवर घराची जोती गेलेली असतील.

१ नोव्हेंबर २०२१ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी भारतासाठी २०७०ची तारीख जाहीर केली. सोबत आणखी चार वचनं होती, आणि पाचांना मिळून त्यांनी 'पंचामृत' म्हटलं. २०३०पर्यंत कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची ५०० गिगावॉट क्षमता उभारायची, हे त्यातलं एक. एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट.

ब्रिटनने हीच तारीख २०५०ची धरली आणि ती कायद्यात लिहिली. आपल्याकडे २०७० हे वचन आहे, कायद्यातलं कलम नाही. उद्याच्या सरकारने ते गुंडाळून ठेवलं तर कोर्टात जाऊन दाखवायला कलम सापडायचं नाही. राहते संसद. सरकारने दिलेला शब्द सरकारलाच पुन्हा पुन्हा आठवून द्यायचा, हे तिचं रोजचं काम.

आणि हे फक्त दिल्लीचं प्रकरण आहे असं कोकणात तरी कुणी म्हणू नये. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत उतरतं. अंजनवेलला गॅसचा प्रकल्प, जयगडला आयात कोळशावरचा १२०० मेगावॉटचा, माडबनला अणुऊर्जेची जमीन, नाणारनंतर बारसूला रिफायनरीचा वाद, तोही कातळशिल्पांच्या सड्यावर. कोकण रेल्वेची डिझेल इंजिनं जाऊन २०२२मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. देशाच्या ऊर्जा धोरणाचं प्रत्येक वळण या चिंचोळ्या पट्टीतूनच गेलंय.

बंदरात होड्या किती, टोपलीत मासळी किती

सरकारला विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं, त्याचा एक नमुना बघू.

जून २०२५मध्ये भारताची निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-वायूपासून मोकळी झाली. एकूण सुमारे ४८५ गिगावॉटपैकी जवळपास २४३. हे लक्ष्य २०३०चं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. बातमी खरी आहे आणि कामगिरीही मोठी आहे. पण बातमी ऐकून पुष्कळांना वाटलं की आता देशातली निम्मी वीज स्वच्छ झाली. तसं झालेलं नाही. ढोबळमानाने दहातली सात युनिटं अजून कोळशातूनच येतात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या? हर्णै बंदरात जाऊन बघा. नांगरलेल्या होड्या मोजल्या तर एक आकडा मिळतो. संध्याकाळी लिलावात आलेल्या टोपल्या मोजल्या तर दुसरा. होड्यांचा आकडा म्हणजे स्थापित क्षमता, सगळं काही पूर्ण ताकदीने चाललं तर किती वीज होईल ते. टोपल्यांचा आकडा म्हणजे प्रत्यक्षात झालेली वीज. सोलर ही अशी होडी आहे जी रात्री समुद्रात जात नाही आणि ढग आले की खाडीच्या मुखातूनच परत फिरते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच दिवसांत सोलरचीही अर्धी बंदीच असते म्हणा ना. कोळशाचा ट्रॉलर मात्र बारा महिने जातो.

मंत्र्यांनी होड्या मोजून दाखवल्या तर ते खोटं बोलले असं होत नाही. टोपल्या किती, हे समोरच्याने विचारायचं असतं. नाही विचारलं तर चूक समोरच्याची.

गावकीची सभा आणि प्रश्नोत्तराचा तास

संसद हे कसं विचारते, ते आपल्या गावकीवरून कळतं. शिमगा झाला की सहाणेवर सभा बसते. मुंबईकर मंडळाने वर्गणी पाठवलेली असते, सभामंडपाचं काम निघालेलं असतं. वही ज्याच्याकडे असते तो हिशोब वाचतो. मग मागून कुणीतरी विचारतो, "वाळूचे ट्रक सात लिहिलेत, आमी तर पाचच मोजले." सभेची खरी मजा तिथून पुढे.

लोकसभेत हा मागून विचारणारा म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. अधिवेशनात रोज २० तारांकित प्रश्न सोडतीने निवडले जातात. यांना मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. आणखी २३० प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. गंमत उपप्रश्नात आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्यांनी टाइप करून दिलेलं असतं, उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतःच्या डोक्याने उत्तर द्यावं लागतं. तारांकित वीसपैकी प्रत्यक्षात चार-सहांपर्यंतच मजल जाते, आणि गोंधळ झाला तर तेवढीही नाही. २०२०च्या सप्टेंबरमध्ये करोनाचं कारण देऊन हा तासच रद्द केला होता.

"माहिती गोळा करून पटलावर ठेवू," असं उत्तर आलं की ते वाऱ्यावर जाऊ नये म्हणून सरकारी आश्वासनांची एक वेगळी समिती असते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द ती वहीत टिपते आणि तीन महिन्यांत पुरा करायला लावते, निदान तसा नियम आहे. असली समिती आपल्या गावकीलाही हवी होती.

दार लावून बसणाऱ्या समित्या

गावकीच्या सभेत आवाज चढतो, पण पावत्या तपासण्याचं काम चार जणांना देऊन वेगळ्या दिवशी होतं. संसदेतही तसंच. १९९३पासून खात्यांसाठी स्थायी समित्या आहेत, आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरा नसतो, त्यामुळे ओरडूनही उपयोग नसतो आणि माणसं कामाचं बोलतात. खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारतात: गेल्या वर्षी एवढे कोटी दिले होते, खर्च एवढाच का?

हे महत्त्वाचं का, ते अर्थसंकल्पाच्या दिवसांत कळतं. प्रत्येक खातं पैशांची मागणी मांडतं. वेळेअभावी सभागृहात चार-पाच खात्यांवरच चर्चा होते. उरलेल्या लाखो कोटींच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात. याला गिलोटिन, म्हणजे मान उडवायचं यंत्र, म्हणतात, आणि नाव चपखल आहे. बहुतेक खात्यांच्या पैशांकडे खासदार बारकाईने बघतात ते या समित्यांतच.

आता अडचण. नेट झिरो कोणत्या समितीचं? वीज आणि अपारंपरिक ऊर्जा ही ऊर्जा समितीकडे. कोळसा वेगळ्या समितीकडे, खाण आणि पोलादासोबत. पेट्रोलियम तिसरीकडे. अणुऊर्जा आणि हवामान बदल चौथ्या, विज्ञान-पर्यावरणाच्या समितीकडे. रेल्वे आणि गाड्यांची आणखी निराळी. कोकणातल्या माणसाला हे चित्र नवं नाही. आंब्याचं सामायिक कलम, सातबाऱ्यावर चाळीस नावं. फांद्यांवर हक्क सगळ्यांचा आणि झाडाला खत कुणी घालत नाही. सौरऊर्जा वाढतेय म्हणून एक समिती शाबासकी देते, आणि कोळशाचं उत्पादन का वाढत नाही म्हणून दुसरी कान उपटते. दोन्ही समित्या आपापल्या जागी बरोबर असतात. गळती आणि उपसा यांची बेरीज एकत्र मांडणारी वही मात्र कुणाच्याच हातात नाही.

नाव दाभोळचं, जमीन अंजनवेलची, बिल सगळ्यांचं

न विचारल्यावर काय होतं, ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्याइतकं देशात कुणाला माहीत नसेल.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलात की तुम्ही गुहागर तालुक्यात येता. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प याच बाजूला, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर. त्याला दाभोळ का म्हणाले, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. जून १९९२मध्ये कंपनीची माणसं आली आणि काही दिवसांत राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाहीत, दुसऱ्या कुणाला विचारणं नाही. १९९३मध्ये जागतिक बँकेनेही हा व्यवहार परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला.

करारातली मेख अशी: मंडळाने वीज घेतली काय, न घेतली काय, प्रकल्प तयार उभा आहे याचे पैसे द्यायचेच, आणि ते डॉलरच्या भावाने. खाणावळीत महिन्याचे डबे लावायचे, जेवलो नाही तरी पैसे, आणि दर दुबईच्या चलनात, असं कुणी सांगितलं तर आपण दुसरी खाणावळ बघू. शिवाय मंडळाने पैसे बुडवले तर राज्य देईल, राज्याने बुडवले तर केंद्र देईल, अशी साखळी. केंद्राच्या या जबाबदारीला प्रतिहमी म्हणतात.

१९९५ साली नव्या राज्य सरकारने करार रद्द केला, आणि वर्षभरात वाटाघाटी करून पुन्हा केला, आधीपेक्षा मोठा. मे १९९६मध्ये केंद्रात १३ दिवसांचं सरकार होतं. लोकसभेत त्याचं बहुमत सिद्ध झालेलं नव्हतं, राजीनामा तोंडावर होता. त्या सरकारने जाता जाता या प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. हे वाक्य पुन्हा वाचा. ज्यांच्यावर संसदेने विश्वास दाखवलेला नाही त्यांनी पुढच्या कैक वर्षांच्या तिजोरीवर सही केली. एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण या करारावर वेगवेगळ्या वेळी जवळपास प्रत्येकाचा अंगठा उठलाय.

मे १९९९मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळाने मे २००१मध्ये वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००१मध्येच माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सगळी कागदपत्रं तपासली. वेगवेगळी सरकारं आणि वेगवेगळ्या यंत्रणा, सगळ्यांच्या पातळीवर कारभार फसला, असा तिचा निष्कर्ष होता.

तपासणी उत्तम झाली, पण आठ वर्षं उशिरा. बैल गेला नि झोपा केला.

एक अणुभट्टी, दोन संसदा

आता तिथून दक्षिणेला या, राजापूर तालुक्यात. इथेही नाव जैतापूरचं आणि जमीन माडबनची. फ्रेंच बनावटीच्या 'ईपीआर' जातीच्या सहा अणुभट्ट्या इथे व्हायच्या आहेत, सगळ्या मिळून दहा हजार मेगावॉटच्या घरात. त्याच जातीच्या दोन भट्ट्या इंग्लंडमध्ये हिंक्ली पॉइंटला बांधल्या जातायत. म्हणून दोन्हीकडच्या संसदा काय करतात ते शेजारी ठेवून बघता येतं.

ब्रिटनची व्यवस्था आपल्यापेक्षा घट्ट आहे. तिथे २००८चा हवामान बदल कायदा आहे. तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती दरवर्षी सरकारचं प्रगतिपुस्तक संसदेपुढे ठेवते आणि सरकारला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. पाच-पाच वर्षांचा गळतीचा कोटा संसद खूप आधी ठरवून देते. २०२३पासून ऊर्जा सुरक्षा आणि नेट झिरो या नावाचं खातंच आहे, आणि त्या एका खात्यावर लक्ष ठेवणारी एक खासदार समिती. सातबाऱ्यावर एक नाव. तिच्या सुनावण्या उघड्या, टीव्हीवर दिसणाऱ्या. सरकारची योजना कायद्याला पुरी पडत नाही, असं तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ आणि २०२४ असं दोनदा सुनावलंय. सप्टेंबर २०२४च्या शेवटच्या दिवशी त्यांचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं.

पण तिथेही सगळं आलबेल समजू नका. २०५०चं नेट झिरो कायद्यात घालण्याचा ठराव २०१९मध्ये त्यांच्या कनिष्ठ सभागृहाने दीडएक तासाच्या चर्चेत, मतदानाशिवाय संमत केला. आमच्याकडे सभामंडपाच्या लाद्यांच्या रंगावर याहून जास्त वेळ जातो. आणि हिंक्लीचा करार २०१६मध्ये झाला तो असा: कंपनीला ३५ वर्षं ठरलेला दर, बाजारात वीज स्वस्त झाली तर फरक ग्राहकांच्या बिलातून. एन्रॉनची आठवण आली ना? तिथल्या लोकलेखा समितीने, म्हणजे झालेल्या खर्चाची तपासणी करणाऱ्या खासदारांनी, २०१७मध्ये सरकारला चांगलंच फैलावर घेतलं: ग्राहकाच्या वतीने बोलणारं टेबलावर कुणी नव्हतंच. बोलणं खरं, पण सही आधीच झालेली. १८ अब्ज पौंडांचा अंदाज २०२४पर्यंत ३१ ते ३५ अब्जांवर गेला, तोही २०१५च्याच किमतीत मोजून. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला याच जातीच्या भट्टीचं काम २००७मध्ये सुरू झालं, तिची वीज डिसेंबर २०२४मध्ये आली.

आपल्याकडे याच विषयावर एकदा तपासणी वेळेत झाली होती, हे लोक विसरतात. २०१०मध्ये अणुअपघाताच्या भरपाईचं विधेयक आलं. मूळ मसुद्यात प्रकल्प चालवणाऱ्यावर ५०० कोटींची मर्यादा होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि मर्यादा १,५०० कोटी झाली. दुसरा वाद एका शब्दाचा. यंत्र सदोष निघालं तर पुरवठादाराकडून भरपाई मागता येईल, या कलमात दोन अटींच्या मध्ये 'आणि' हा शब्द घातला गेला. 'आणि' म्हटलं की दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात, म्हणजे करारात लिहिलेलं नसेल तर पुरवठादार मोकळा. विरोधकांनी तो शब्द पकडला, गदारोळ झाला आणि 'आणि' निघाला. माडबनच्या माणसासाठी त्या एका शब्दाची किंमत किती, ते सांगायला नको.

डिसेंबर २०२५मध्ये 'शांती' नावाचं नवं अणुऊर्जा विधेयक आलं. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा भरपाईचा कायदा, दोन्हींच्या जागी हा एकच. खासगी कंपन्यांना दार उघडणारा. सर्वात मोठ्या भट्ट्यांसाठी भरपाईची मर्यादा ३,००० कोटी. पुरवठादाराकडे जायचा तो २०१०चा रस्ता मात्र काढून टाकला. विरोधकांनी विधेयक समितीकडे पाठवा म्हणून सांगितलं, पाठवलं नाही. मांडल्यापासून आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांतून पार. कायदा चांगला की वाईट यावर माझं मत बाजूला ठेवतो, राजापुरात राहून दोन्ही बाजूंचे मित्र टिकवायचे आहेत. पण पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा व्यवहार आहे आणि एक 'आणि' कुठे लपलाय का, हे बघायला चार दिवस पुरत नाहीत, एवढं म्हणायला मत लागत नाही.

हे एकट्या विधेयकाचंही नाही. पीआरएस ही संस्था संसदेच्या कामाची नोंद ठेवते. तिच्या आकडेवारीनुसार २००९ ते १४च्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयकं समित्यांकडे गेली होती, २०१९ ते २४च्या लोकसभेत १६.

"पण समित्यांचं ऐकतं कोण?"

इथपर्यंत आल्यावर आबांनी हाच आक्षेप घेतला. तो रास्त आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण खात्याला प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लिहून द्यावं लागतं, आणि समिती त्यावर पुन्हा अहवाल काढते. नकार द्यायचा तर तोही लेखी. गावकीतही वाळूचे दोन ट्रक परत येत नाहीत, पण पुढच्या वर्षी खजिनदार ट्रक मोजून घेतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा: एवढं विचारत बसलं तर कामं कधी व्हायची? मग सर्वात कमी विचारणा झालेला प्रकल्प घ्या. काही दिवसांत करार झालेल्या एन्रॉनची पहिली वीज सात वर्षांनी आली आणि दोन वर्षांत गेली. फ्लामांव्हिलची बारा वर्षांची दिरंगाई वेल्डिंग आणि काँक्रीटमुळे झाली, प्रश्न विचारणाऱ्या खासदारांमुळे नव्हे.

तिसरा जरा नाजूक. आमच्याकडे प्रश्न विचारला की लगेच विचारतात, तू विरोधक का? प्रकल्प हवा असणाऱ्यानेही विचारायला हवं, किंबहुना त्याने जास्त. नोकऱ्या किती, त्यातल्या कायम किती, स्थानिकांना किती, युनिटचा दर किती. ज्याला मुलीचं लग्न करायचंय तोच मुलाची चौकशी करतो.

"आणि अमेरिका-चीन एवढा धूर सोडतात, आपणच का?" एकूण उत्सर्जनात आपण जगात तिसरे, माणशी मोजलं तर जगाच्या सरासरीच्या खाली. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यामुळे हा वाद जागतिक परिषदांत चालू राहील. पण आपल्या संसदेने आपल्या सरकारला विचारायचं ते आपल्या पैशांबद्दल, आपल्या किनाऱ्याबद्दल. त्याचा चीनशी काय संबंध?

बिलातली ती ओळ

वीज हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचा आहे. अणुऊर्जा फक्त केंद्राची. म्हणून काही प्रश्न दिल्लीत विचारून उपयोग नसतो. आबा घरी जाऊन बिल घेऊन आले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि खाली इंधन समायोजन आकार. ही शेवटची ओळ कधी असते, कधी नसते. कोळसा महागला की त्याचा फरक तिथून आपल्या खिशात हात घालतो. दर ठरवतं ते राज्याचं वीज नियामक आयोग. त्याच्यापुढे दरवाढीचा प्रस्ताव आला की जाहीर सूचना निघते आणि कुणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो, मराठीतून. आमदाराकरवी विधानसभेत लक्षवेधी लावता येते. खासदाराला पत्र लिहून प्रश्न सुचवता येतो, आणि संसदेतली सगळी उत्तरं नि समित्यांचे अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मग आम्ही खासदारांना पत्र लिहायला घेतलं. मी तीन प्रश्न काढले. क्षमतेचा नव्हे, प्रत्यक्ष विजेचा कोळशातला वाटा गेल्या पाच वर्षांत दरसाल किती? २०७०पर्यंतच्या मधल्या टप्प्यांचा हिशोब एकत्र ठेवणारी समिती कोणती? माडबनची वीज युनिटमागे किती रुपयांना पडेल, आणि तो अंदाज कोणत्या सालच्या किमतीत?

आबांनी चौथा घालायला लावला. २०२०च्या निसर्ग वादळानंतर त्यांच्या दापोलीच्या लेकीकडे कित्येक दिवस अंधार होता. किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखाली घालायच्या होत्या, त्याचं काय झालं? मी म्हटलं, आबा, हा प्रश्न बराचसा राज्याचा आहे. "आसंल. तरी लिव. त्येंच्याकडून हिकडं धाडतील."

लिहिला. त्यांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मग विचारलं, अधिवेशन कधी चालू होतंय. मी सांगितलं की प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी पोचावी लागते.

"मग उद्याच्या टपालात टाक," आबा म्हणाले, आणि पेपर उलटून शेवटच्या पानावरचे आंब्याचे दर वाचायला लागले.